उस्तादची तीन-टनी

एक डोळा मिटायचा, चिमट्याच्या टोकावरची वस्तू नाकाच्या शेंड्याजवळ आणायची, श्वास रोखायचा आणि मग म्हणायचं, "दिसायला नाही, असायला." आमच्या हवालदारांचं हे वाक्य ऐकलं की ओळखावं, आता गाडीच्या पोटात काहीतरी अशा जागी चिकटवलं जाणार, जिथे ते ब्रह्मदेवालाही दिसणार नाही.

हवालदार म्हणजे पोलिसातले नव्हेत, फौजेतले. तिथे ट्रक चालवून निवृत्त झाले आणि शारजाला एका कंपनीत ट्रान्सपोर्ट बघायला लागले. तुम्ही कधी रोल्लाच्या बाजूला राहिला असाल तर आमची बिल्डिंग तुम्हाला आठवेल. खाली साड्यांचं दुकान, शेजारी केरळी हॉटेल, वर आम्ही. लिफ्ट इतकी संथ की साखरपुडा करून खाली चढलेली जोडपी वरच्या मजल्यावर उतरेपर्यंत बारशाची तयारी करत. ऑगस्टात तर रोल्लाची कबुतरं दुपारी उडत नसत. दुकानांच्या सावलीसावलीने पायी जात. मी स्वतः पाहिलंय. माझ्या बायकोला विचारू नका, ती नाही म्हणेल.

मी एसी विकायचो. ज्या गावात उन्हाळा वर्षभर मुक्कामाला असतो तिथे एसी विकायला काही अक्कल लागत नाही, नुसता आवाज लागतो, आणि तो मला देवाने दोन माणसांचा दिलाय. हवालदार शेजारच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेऊन एकटे राहायचे. साताऱ्याकडचे. बायको गावी, वर्षातून एकदा भेट. माझा आवाज भिंतीतून त्यांच्याकडे जायचा, त्यांचा मात्र समोर बसूनही आमच्यापर्यंत यायचा नाही. मला ते 'रेडिओ' म्हणायचे. मी जरा रंगात आलो की हात न उचलता म्हणायचे, "रेडिओ, आवाज कमी."

त्यांच्या खोलीत खिडकीशी एक टेबल होतं. त्यावर दिवा, भिंग, आणि लष्करी गाड्यांची छोटी मॉडेलं. दुबईच्या एका दुकानातून ते डबे आणायचे. आत प्लास्टिकचे सुटे भाग, जोडायची माहिती. खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाची गाडी, ओंजळीत बसेल एवढी. शुक्रवारी सकाळी आंघोळ, देवाला दिवा, आणि मग टेबल. कुठल्या कुठल्या परदेशी फौजांच्या जीपगाड्या करायचे आणि बिल्डिंगमधल्या पोरांना देऊन टाकायचे. पोरं म्हणायची, "थँक्यू अंकल." हे म्हणायचे, "वेलकम. नीट चालव. वळणावर हॉर्न दे."

मला फौजेच्या गोष्टींची भारी हौस. "हवालदार, लढाई पाहिलीत?"

"रस्ते पाहिले."

"अहो, पण गोळ्या, बॉम्ब, काहीतरी?"

"बर्फ होतं. थंडी होती."

एवढ्या कच्च्या मालावर माझ्यासारख्याने धंदा करायचा कसा? पुष्कळ खणल्यावर इतकं हाती लागलं की नव्याने भरती झाले तेव्हा हे एका तीन-टनी ट्रकवर सेकंड होते, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारचे दुसरे. डोंगरात चढावर गाडी थांबली की सेकंडने उडी मारून मागच्या चाकाला लाकडी ओंडका लावायचा, ही त्यांची नोकरी. गाडी चालवायचे ते त्यांचे उस्ताद. फौजेत सीनियर ड्रायव्हरला उस्ताद म्हणतात. ते कराडकडचे होते, मोठ्या मिशांचे, आणि एका दिवशी गाडीसकट दरीत गेले.

"शत्रूचा हल्ला?" मी पुढे सरसावून विचारलं.

"दरड आली."

"तुम्ही गाडीत नव्हता?"

"मागच्या गाडीचा ड्रायव्हर आजारी पडला. उस्ताद म्हणाले, तू ती घे. मी मागे होतो." मग थांबून, "दरडीला ओंडका लावता येत नाही."

त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि मीही, माझ्या मानाने, फारसा काढला नाही.

पण बाहेर मात्र काढला. गणपतीत आमच्या ओळखीच्या एका घरी आरतीला सगळी मराठी मंडळी जमायची. आरतीनंतर ताटं फिरत होती आणि मी सांगत होतो की आमच्या हवालदारांच्या उस्तादने हिमालयात अख्खा डोंगर रिव्हर्स गिअरमध्ये चढवला, वाटेत एका थकलेल्या अस्वलाला लिफ्ट दिली आणि चेकपोस्टवर त्याच्याकडून सॅल्यूट मारून घेतला. लोक हसत होते. रंगाच्या भरात मी उस्तादांचं नाव, आडनाव, गाव, सगळं खणखणीत घेतलं. खोट्या गोष्टीला खरं नाव लावलं की ती उभी राहते, हा आमचा नियम.

मोदकांचं ताट घेऊन निघालेली एक बाई तिथेच थांबली. तिशीच्या आतबाहेरची. म्हणाली, "परत सांगा. नाव परत सांगा."

मी सांगितलं.

"ते माझे बाबा," ती म्हणाली.

तिचं नाव नंदा. नवरा खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला, दोघं सणाला म्हणून तिकडून आलेली. अस्वल, सॅल्यूट, सगळं माझ्या तोंडातच विरघळलं. पण ती रागावली नव्हती. तिने फक्त विचारलं, "त्यांच्याबरोबर जे होते, ते इथे असतात? भेटतील?"

दुसऱ्याच शुक्रवारी ती आमच्याकडे आली. बायकोने पोहे केले. मी हवालदारांना बोलावून आणलं. इस्त्रीचा शर्ट, ओले केस, खुर्चीच्या कडेवर बसले. नंदा तान्ही असतानाच वडील गेले होते. त्यांनी तिला पाहिलं नव्हतं, तिने त्यांना पाहिलं नव्हतं. घरी एक फोटो, तोही ग्रुपमधला, मिशीवरून ओळखायचा. ती बराच वेळ पोह्यांत चमचा फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "काका, माझे बाबा कसे होते हो?"

मंडळी, हा प्रश्न मला विचारला असता तर मी तीन दिवस तीन रात्री बोललो असतो, मधे जेवायला उठलो नसतो. हवालदार कपातल्या चहाकडे बघत बसले. चहावर साय धरली. शेवटी म्हणाले, "गाडी छान ठेवायचे."

ती वाट पाहत राहिली. पुढे काही आलं नाही. तिचा चेहरा उतरलेला त्यांना दिसला असावा. उठता उठता ते म्हणाले, "मला सांगता येत नाही, पोरी. बनवून देतो. बघ."

तिथून ती तीन-टनी सुरू झाली.

आपल्या फौजेची ती गाडी डब्यात मिळत नाही. म्हणून त्यांनी दुसऱ्या कुठल्या फौजेचा जवळपास तशाच बांध्याचा ट्रक आणला आणि त्यातला निम्म्याहून अधिक माल कचऱ्यात टाकला. मी म्हटलं, "अहो, काय हे! सगळा डबा फेकलात." म्हणाले, "ह्या गाडीत ते कधी बसले नव्हते."

मग हाताने घडवायला घेतलं. प्लास्टिकचा पत्रा हवा होता. त्या काळात आपण सगळे फोनकार्डावर जगायचो, तुम्हाला आठवत असेल. कार्ड घालायचं, आईशी बोलायचं, मधेच खलास व्हायचं. ती संपलेली कार्डं हवालदार बिल्डिंगभर गोळा करत हिंडायचे. पातळ, चिवट, ब्लेडने कापता येणारी. त्यांतून त्यांनी दारं कापली, स्प्रिंगच्या कमान-पाट्या कापल्या, मागचं फळ्यांचं तळ केलं. ट्रकच्या कुठल्या भागात कोणाचं बोलणं गेलं असेल देव जाणे. माझ्या आईचं आजारपण मागच्या डाव्या चाकाच्या वर आहे, हे मला पक्कं माहीत आहे. कार्डाचा फाटलेला कोपरा मी ओळखतो.

टेलिफोनच्या वायरीतली तांब्याची तार काढून दोर बांधायचे हुक. पेप्सीच्या डब्याच्या पत्र्याचं फावडं. माझ्या बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा पिळून, गोंद लावून दोरखंड. चहाच्या पिशव्या उकलून त्यांचा कागद गोंदात भिजवायचे आणि त्याची ताडपत्री करायचे. ती वाळली की तिला अशा सुरकुत्या पडायच्या की वाटावं, आत्ता बर्फ झटकलंय. आइस्क्रीमच्या काडीतून ओंडका कोरला. तो ओंडका त्यांनी किती वेळा कोरला आणि किती वेळा टाकला! पस्तिसाव्या हिश्शाची लाकडाची पाचर, तांदळाच्या चार दाण्यांएवढी. मी म्हटलं, "कोण बघतंय?" म्हणाले, "तो हातात धरायचो मी."

मागच्या फळीला एक किटली टांगली. टूथपेस्टच्या ट्यूबच्या पत्र्याची, झाकण वेगळं, दांडी वेगळी. ती हुकावर हलायची. खरोखर हलायची! मी फुंकर मारून पाहायचो आणि ओरडा खायचो.

माझी मदत म्हणाल तर माती. चाकांना चिखल हवा म्हणून मी सातही अमिरातींची वाळू आणून दिली. लिवाची सोनेरी, रास अल खैमाची तांबडी, आमच्या इंडस्ट्रियल एरियाची तेलकट काळी. एकेक चिमूट भिंगाखाली धरून ते मान हलवायचे. "हा रंग नाही." शेवटी सिमेंट, चहाची पूड आणि आणखी कायकाय मिसळून त्यांनी तो चिखल केला, चाकांना लावला, आणि त्या दिवशी टेबलावरून उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी काही विचारलं नाही. रेडिओलाही कधीकधी कळतं.

सगळ्यात जास्त दिवस लागले ड्रायव्हरच्या केबिनला. सीटच्या उसवलेल्या शिवणी, गिअरची दांडी, तिच्या मुठीवरचा झिजलेला भाग, आरशाऐवजी च्युइंगमच्या कागदाची चांदी. डाव्या बाजूला, सेकंडच्या पुढ्यात, एक हुक, आणि हुकावर काहीतरी हिरवं बारीकसं लोंबत होतं. मी भिंग उचललं. "हे काय, गाडी पुसायचं फडकं?"

"तसंच समजा."

"आणि ड्रायव्हर? उस्ताद कुठे आहेत? बाहुला बसवा की एखादा मिशीवाला."

"माणसं बनवत नाही मी."

"अहो, रिकामी गाडी देणार तिला?"

"रिकामी नाही. उस्ताद खाली उतरलेत."

मग त्यांनी केबिनवर ताडपत्रीचं छप्पर चढवलं, कडेकडेने गोंद फिरवला आणि ते कायमचं बंद झालं. त्या शिवणी, ती मूठ, तो हुक, सगळं आत. काचांवर धूळ मारलेली, बाहेरून अंधार. मी अक्षरशः कपाळावर हात मारला. वर्षभराचं काम माणूस असं पुरतो का? ते एक डोळा मिटून गोंद वाळतोय का ते बघत होते. म्हणाले, "दिसायला नाही, असायला." आणि पहिल्यांदाच पुढे जोडलं, "हे माझं नाही, उस्तादचं वाक्य. गाडीखाली शिरून जिथे कोणी बघत नाही तिथलं ग्रीस पुसायचे."

त्यांची नोकरी संपत आली होती. कंपनी व्हिसा कॅन्सल करणार, ते गावी जाणार. जायच्या आधी गाडी पोचवायची होती. मला म्हणाले, "तुम्ही न्या मला. आणि तिथे तुम्हीच बोला. तुम्हाला येतं."

थंडीतल्या एका शुक्रवारी आम्ही निघालो. बुटाच्या खोक्यात कापूस, कापसात गाडी, खोकं त्यांच्या मांडीवर. धैदपर्यंत सरळ वाळवंट. मसाफीच्या बाजाराच्या पुढे डोंगर लागले तसे ते ताठ झाले. तुम्ही पाहिलेत ते डोंगर, उघडेबोडके, भाजल्यासारखे. बारा वर्षं इथे काढून हवालदार ह्या रस्त्याला कधी आले नव्हते. प्रत्येक वळणाआधी म्हणायचे, "हॉर्न." मी म्हटलं, "हवालदार, इथे कोणी हॉर्न देत नाही. पोलीस दंड लावतील." "हॉर्न द्या." मी दिला. कडेच्या उतारांकडे ते सारखे बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ह्या डोंगरांत माती नाही. बरं आहे."

नंदाचा फ्लॅट बंदराच्या अंगाला. खिडकीतून क्रेन दिसायच्या. नवरा ड्यूटीवर होता. तिने पुरणपोळीचा घाट घातला होता. जेवणाच्या टेबलावरचं सगळं आवरून हवालदारांनी गाडी कापसातून काढली आणि ठेवली. नंदाची मुलगी सायली धावत आली. "वॉव! अंकल, इज इट अ टॉय?"

"नो टॉय," हवालदार म्हणाले. "तुझ्या आजोबांची गाडी. नमस्कार कर."

तिने केला. आईकडे बघून परत एकदा केला.

मी घसा साफ केला. मला बोलायला आणलं होतं ना! पण हवालदारांनी बोट पुढे केलं होतं. "हा दोर. ह्याला गाठ उस्तादच मारायचे, मला देत नसत. हा ओंडका. माझा. ही किटली, गाडी थांबली की आधी ही खाली उतरायची, मग आम्ही." बोट गाडीभोवती हळूहळू फिरत होतं. नंदा वाकून बघत होती. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी खुर्चीत मागे टेकलो.

सगळं दाखवून झालं. नंदाने पदराच्या टोकाने डोळे टिपले, गाडीला हात न लावता तिच्याभोवती हात ठेवले. मग म्हणाली, "काका, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"मी झाल्याचं बाबांना कळलं होतं?"

"हो. पत्र आलं होतं."

"मग त्यांनी उत्तर का नाही पाठवलं?" ती सायलीला म्हणाली, आत जा, टीव्ही बघ. मग हळू आवाजात, "थोरल्या दोघींच्या वेळी लगेच आलं होतं. माझ्या वेळी महिना गेला, दीड महिना गेला, आलं नाही. मग तारच आली. आजी म्हणायची, तिसरी पोरगी ऐकून तुझ्या बापाने तोंड फिरवलं, आणि तू आलीस नि तो गेला. आई कधी काही बोलली नाही. पण नाही असंही म्हणाली नाही. मला राग नाही हो काका. नाराज असतील तर असतील, त्या काळी लोक असायचे. मला फक्त माहीत हवंय."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. रेडिओ, बोला. माझ्याकडे काय कमी होतं? बापाच्या मायेच्या तयार गोष्टी माझ्या खिशात गठ्ठ्याने असतात, कोणत्याही मापाच्या. पण ती बाई आयुष्यभर गोष्टच ऐकत आली होती. तिच्यापुढे आणखी एक गोष्ट टाकायला माझी जीभ रेटली नाही.

ते गाडीकडे बघत राहिले. असे, जणू आतल्या कोणाला काही विचारताहेत. मग म्हणाले, "ब्लेड आहे घरात?"

नंदाने नवऱ्याच्या दाढीच्या सामानातलं ब्लेड आणून दिलं. हवालदारांनी ते छपराच्या कडेला टेकवलं. मी उठलो. "अहो, हवालदार!" त्यांनी पाहिलं नाही. केसाएवढी तार नेमकी चिकटवणाऱ्या हाताने त्यांनी ब्लेड खसकन ओढलं. ताडपत्री वाकडीतिकडी कापली गेली. शिवण तुटली, एक दांडी मोडली. वर्षभराचं काम त्यांनी डब्याच्या झाकणासारखं उलटं केलं.

"चिमटा?"

तिच्याकडे भुवयांचा होता. त्याने त्यांनी हुकावरचं ते हिरवं फडकं सोडवलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. करंगळीच्या नखाएवढं. खऱ्या लोकरीचं, त्यांच्याच फौजेच्या जुन्या मफलरच्या धाग्याचं, आणि त्यात दोन तारा अडकवलेल्या, केसासारख्या.

"कुंची," हवालदार म्हणाले. "तुझी."

मग ते बोलले. थांबत थांबत, पण बोलले.

"उस्ताद विणायचे. पहाडातल्या बायका चालता चालता विणतात, त्यांचं बघून शिकले. पत्र आलं, त्याच दिवशी स्वतःचा मफलर उसवला. सायकलच्या तारा घेतल्या. कॉन्व्हॉय थांबला की विणायचे. कोणी आलं की माझ्या पुढच्या हुकाला टांगायचे, फडकं म्हणून. मला शपथ घातली. म्हणाले, एवढ्या मिशांचा गडी लोकर विणतो म्हणून पोरं हसतील. कुणाला बोललास तर गाडीतून खाली उतरवीन." ते थांबले. "मी बोललो नाही. त्यांनी सांगितलं होतं."

"आणि उत्तर?" नंदाचा आवाज मला ऐकूही आला नाही, ओठ दिसले.

"मी म्हटलं, उस्ताद, चार ओळी टाका घरी. म्हणाले, कुंची झाली की तिच्यात गुंडाळून पाठवतो. मोकळ्या हाताने पोरीला काय लिहू? डोक्याचं झालं होतं. पाठीचं राहिलं होतं."

क्रेनचा भोंगा वाजला.

"पत्र आलं त्या दिवशी कुठून कुठून साखर मागून आणली. ह्या किटलीत ओतली. पुढच्या मागच्या सगळ्या गाड्यांना चहा पाजला. आणि दिवसभर हॉर्न. वळणाला तर द्यायचेच. त्या दिवशी सरळ रस्त्यालासुद्धा दिला."

मला वाटलं, आता नंदा कोसळणार. ती तळहाताकडे बघत होती. म्हणाली, "तान्ह्या मुलीला हिरवी? मिलिटरी हिरवी?"

"फौजेत दुसरा रंग मिळत नाही, पोरी."

आणि ती हसली. नाक लाल, डोळे वाहताहेत, आणि बाई हसतेय. टीव्ही सोडून सायली धावत आली, "मम्मा, व्हॉट हॅपन्ड?" नंदाने तिला मुठीतलं दाखवलं. "बघ. माझ्या बाबांनी माझ्यासाठी केलेली."

हवालदारांनी रिकाम्या ड्रायव्हरच्या सीटकडे बघून पुटपुटल्यासारखं म्हटलं, "बोललो, उस्ताद. उतरवा आता."

निघताना ते छपरासाठी गाडी परत मागत होते. "नवीन करून पाठवतो. हे असं बरं दिसत नाही." नंदाने खोकं पाठीमागे धरलं. "राहू दे काका. उघडंच राहू दे."

परतीला डोंगर उतरलो, धैद मागे पडलं, रस्ता सुतासारखा सरळ झाला. मांडीवर हात मोकळे ठेवून हवालदार समोर बघत बसले होते.

"हॉर्न द्या," ते म्हणाले.

"अहो, इथे कुठे वळण आहे?"

"नाही. द्या."

मी दिला. चांगला लांबलचक दिला. कडेचे दोन उंट माना वर करून आमच्याकडे बघत राहिले. इथे मी काही वाढवून सांगत नाही; ह्या वेळी बायकोला नाही, उंटांना विचारा.

महिन्याभरात व्हिसा कॅन्सल झाला. विमानतळावर त्यांच्याकडे एक बॅग होती आणि भिंग होतं. मला म्हणाले, "रेडिओ, आवाज सांभाळा." पुढे सणावाराला फोन व्हायचे. बोलायचो मीच. एका दिवाळीला फोन त्यांच्या मुलाने उचलला आणि सांगितलं की बाबा गेले, झोपेतच, त्रास झाला नाही.

त्यानंतर मी एकदा खोर फक्कानला गेलो होतो, नंदाला सांगायला. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते. गाडी काचेच्या कपाटात होती, छप्पर कापलेलं, कड तशीच वाकडीतिकडी. कुंची परत हुकावर होती. नंदा म्हणाली, नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण अशा गाड्या करतो, छप्पर दुरुस्त करून देतो म्हणाला, मी नको म्हटलं.

मग ती संकोचून म्हणाली, "दादा, एक वाईट झालं. किटली सापडत नाही. सायली म्हणते तिने हात लावलेला नाही. कपाट बंद असतं. सगळं घर झाडून काढलं, व्हॅक्यूमची पिशवी फाडून पाहिली. नाहीच."

मी वाकून बघितलं. मागच्या फळीचा हुक रिकामा होता. ड्रायव्हरची सीट रिकामी, शेजारची सीट रिकामी. चाकामागे ओंडका नीट लावलेला.

"शोधू नकोस," मी तिला म्हटलं. "गाडी उभी करून दोघं चहाला उतरलेत."